एकच बहार

पाच गावं, एक मोटरसायकल.
सहाव्याचं नाव वहीत लिहीत होतो
तेव्हा एस्तेरबाई तायडे संत्र्याच्या फांदीला
बांबूचा टेकू देत होत्या.

"पाळकसाहेब, आंबिया बी धरला, मृग बी धरला
तं झाड नाई टिकत. फांद्यायत सल भरते.
माह्या सासऱ्यानं चाळीस झाडं अशीच घालोली."

मी हसलो. अमरावतीच्या कमिटीला
मार्चअखेर आकडे हवे होते:
बाप्तिस्मे, तरुण संघ, नव्या उपासना.
रकाने भरले.
अक्षर चांगलं आहे माझं.

मे महिन्यात, प्रभुभोजनाच्या वेळी,
तिसऱ्या बाकावरचा पोरगा पुढं आला
आणि मला त्याचं नाव आठवेना.
नाताळात त्याचा बाप्तिस्मा
मीच केला होता.

रात्री सहावं नाव खोडलं.
मग चौथ्यावर पेन थांबलं.
खूप वेळ.

सोमवारी गाडी काढली नाही.
पोराच्या घरी पायीच निघालो.
वाटेत बाग ताणावर सोडलेली,
पानं मलूल, पाट कोरडा,
आणि एस्तेरबाई बांधावर
शेंगा सोलत बसलेल्या.

"त्याचं नाव काय हो?" मी विचारलं.

"घरी चालले नं? त्यालेच इचारा."