राईतला शब्द

शब्दामागे दीड रुपया ठरलाय
आणि तीन दिवस मी एकाच शब्दापाशी अडून बसले आहे.

बिबवेवाडीच्या निमकरांची जपानी सून, मिसाओ,
चव्वेचाळीस पानं देऊन गेली.
वडिलांनी हातानं लिहिलेली;
व्याह्यांना वाचता यावीत म्हणून मराठीत हवीत.
वडील तोगुची, निवृत्त मोजणीदार,
अक्षर जुन्या सातबाऱ्यासारखं, ताठ आणि दाटीचं.
आमच्या गावाचा इतिहास आहे, म्हणाली, फार काही नाही.

फार काही नाही, त्यात एक आख्खं राज्य आहे.
समुद्रात सांडलेल्या बेटांचं र्‍युक्यू,
चीनच्या बादशहाला नजराणा देणारं,
आणि सात्सुमाच्या सरदारांना गुपचूप साखर.
चौथाई वसूल केलेल्या गावात
याला तळटीप लागणार नाही.

पण पान सतरा. उताकी.
तिथे मूर्ती नाही, छप्पर नाही, घंटा नाही.
झाडं, झाडांखाली पांढरी वाळू,
एक दगड, त्यापुढे राख.
आत फक्त बायका जातात.
राजा आला तरी, असं सांगतात,
बायकी वळणाचं वस्त्र नेसूनच.

लिहिलं, देऊळ. खोडलं.
लिहिलं, पवित्र स्थळ. वनखात्याची पाटी वाटली.
देवस्थान म्हटलं की लगेच ट्रस्ट दिसतो,
चपलांचं टोकन, अभिषेकाचे दर.

ठकूबाई ढेबे भाकरी थापत होती.
पानशेतच्या पार पल्याडची. विचारलं तिला.
थाप न चुकवता म्हणाली, "राई की ओ.
वाघजाईची हाय आमच्यात.
वाळकी काटकी सुदिक घरी आनायची न्हाई.
माझ्या आज्ज्यानं आनली,
तर रातभर दारात कुनीतरी उभं."
आणि गडीमाणसं आत जात नाहीत ऐकून
पिठाचा हात तोंडावर नेऊन हसली.
"बरंय की. आमच्यात चार दिस आमीच भाईर."

राई. दोन अक्षरं.
तव्यावर भाकरी फुगली तेवढ्या वेळात.

पान तेवीस. राज्य मोडून जिल्हा झाला,
तोक्योहून हुकूम आला, राईचं देऊळ करा.
झाडांच्या तोंडाशी तोरी उभी राहिली
(मी तोरण लिहिणार होते;
शब्द इतका जवळचा, की संशय आला).
आत वेदी आली, आरसा आला,
दूरच्या एका देवाचं नाव आलं.
बायका तोरीखालून गेल्या, रीतसर टाळ्या वाजवल्या,
मग वेदीच्या मागे जाऊन
जुन्या दगडापुढे बसल्या.

हे वाचून दाखवलं तर ठकूबाई गप्प झाली.
"आमच्या राईलाबी कमान झालीया. आरसीसीची.
वर दुर्गामाता लिवलंय, खाली सरपंच."
आणि बायका?
"जात्यात की कमानीखालनं.
नारळ मातूर मागच्या तांदळ्याला."

शेवटची पानं मी सलग केली.
युद्धात राई जळाली. नंतर तारेच्या कुंपणात गेली,
पलीकडे परक्यांचा विमानतळ.
वर्षातून एकदा बायकांना आत सोडतात,
तोगुचींनी आईच्या पासाचा क्रमांकही दिलाय.
त्यांनी सगळं गाव मोजलं होतं, बांध न् बांध.
नकाशात राईच्या जागी पांढरा कागद ठेवला.
साहेबानं विचारलं, तर म्हणाले,
मी पुरुष आहे.

काम संपलं. मोजलं.
राई एकसष्ट वेळा आलीय.
दीड रुपयानं साडेएक्याण्णव,
ते ठकूबाईच्या हातावर ठेवले.
तिनं ओट्यावर परत ठेवले, मिठाच्या बरणीखाली,
आणि म्हणाली, "राईतलं घरी न्हेत न्हाईत, ताई."

बिलातून एकसष्ट शब्द वजा केलेत.
मिसाओला कारण काय सांगायचं
ते जपानीत अजून सुचलेलं नाही.