धडा सातवा : आवाज ओळखा

सातव्या धड्यात राजमल्लू वडलाकोंडा अडकलेत.
माझ्या टॅबवर त्यांच्या नावापुढे लाल ठिपका,
बाकी अठ्ठेचाळीस जणांचे हिरवे.
शुक्रवारपर्यंत सगळे हिरवे हवेत, मालक म्हणालेत.

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, पत्र्याची शेड,
टॉवेलचे चोवीस नवे साचे. त्यांना धोटा नाही.
शिकवायला माणूसही नाही. फोन आहे.
दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ, मग चार पर्याय,
बरोबर आलं की टाळ्या.
मी ट्रेनिंग असिस्टंट. पॉलिटेक्निक, वय तेवीस.
धडे उघडून द्यायचे
आणि कोण किती शिकलं ते टक्क्यांत कळवायचं.

पहिले सहा धडे मामांनी मुकेच पाहिले.
साचे चालू असताना इथं कुणाला काय ऐकू येतं!
व्हिडिओतला कडक इस्त्रीचा मुलगा तोंड हलवायचा,
मामा त्याचे ओठ वाचायचे.
मागावर जन्म काढलेली माणसं
ओठांनी आणि बोटांनीच बोलतात :
दोन बोटं ओठांशी, विडी.
मूठ उघडून मिटली, सूत तुटलं.
करंगळी, ती तर शाळेतलीच.
सहाही धडे बरोबर.
एकदा म्हणाले,
"ह्यो पोरगा तिसऱ्यात चुकीचं बोलालाय.
हात बरोबर दावालाय, तोंड चुकालंय."
मी पुन्हा पाहिलं. खरंच चुकलं होतं.
कळवायला रकाना नव्हता.

सातवा धडा म्हणतो :
इअरफोन लावा. आवाज नीट ऐका. बिघाड ओळखा.

जेवणाच्या सुट्टीत साचे थांबले
तेव्हा शेंगाचटणीच्या डब्याशेजारी मी फोन ठेवला.
त्यांनी इअरफोन घातले,
फोटो काढायचा असल्यासारखे ताठ बसले.
"लाव की."
"लावलाय, मामा."
"लाव की गं."
मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. सेकंद पळत होते.
त्यांनी डब्याचं झाकण लावलं. पुन्हा काढलं.

उजवा कान आधी गेला, दहाएक वर्षांपूर्वी,
डावा मागाहून, कळलंही नाही कधी.
घरी सांगितलेलं नाही.
नातीला वाटतं आजोबा रागीट आहेत,
हाक मारली तरी बघत नाहीत.

उत्तर 'ब' आहे हे मला ठाऊक होतं.
तीन जणांचं मीच दाबलं होतं त्या आठवड्यात,
हे इथं लिहिते, अहवालात लिहिलं नाही.
अंगठा पुढे गेला.
"आगु," मामा म्हणाले. थांब.

इअरफोन उपटले.
उरलेली भाकरी कागदात बांधली,
चटणी बोटानं पुसून खाल्ली,
आणि रिकाम्या स्टीलच्या डब्यात फोन उभा केला.
आवाज पूर्ण वाढवायला लावला.
झाकण ठेवलं. झाकणावर चार बोटं,
नाडी बघावी तशी.
डोळे मिटून म्हणाले, "परत."
परत.
"अजून एकदा."

"बेरिंग कोरडं पडलंय. डावीकडचं.
पट्टा पण सैल हाय,
ते ह्यांनी विचारलं न्हाई."

ठिपका हिरवा झाला.
बोटं अजून झाकणावरच होती. कपाळाला आठी.
"आता हे काय वाजालंय? असलं साच्यात काय नसतं."
"टाळ्या, मामा."
"कुणाच्या?"
मला सांगता आलं नाही.
भोंगा झाला. ते उठून नऊ नंबरच्या साच्याकडे गेले,
जाता जाता त्याच्या चौकटीवर तळवा टेकवून.

रात्री नीलम नगरला, सगळे झोपल्यावर,
मी माझा डबा घेतला, आत फोन, वर झाकण, चार बोटं.
सातवा धडा. परत. अजून एकदा.
नुसती गुणगुण.
या धड्यात मला शंभर टक्के होते.
आईनं अंधारातूनच कानडीत विचारलं, काय चाललंय.
काही नाही म्हटलं.

फोनला चटणीचा वास दोन दिवस राहिला.