लेबलावरचं घर

बाटली आडवी निजवायची, उभी नाही,
हे सेल्सोने पहिल्याच आठवड्यात शिकवलं.
बूच ओलं राहिलं पाहिजे म्हणाला,
सुकलं की वारा शिरतो,
आणि पन्नास हजारांचं होतं व्हिनेगर.

बेताळभाटीच्या त्या हॉटेलाला तळघर नाही,
खणलं की खारं पाणी लागतं.
म्हणून जिन्याखालची खोली गार केलेली,
बारा अंश, दिवसरात्र.
मे महिन्यात माळी चक्कर येऊन पडला
तेव्हा त्याला आम्ही तिथेच नेऊन निजवला,
बाटल्यांसारखा, आडवा.

शातो मोर्व्हाल.
शेवटचं अक्षर लिहायचं, म्हणायचं नाही.
पाहुण्यांना सांगायचं: देवदार, शिसपेन्सिल, तंबाखूचं पान,
आणि शेवटी, थोडं थांबून, काळ्या मनुका.
देवदार मी पाहिलेला नाही.
शिसपेन्सिल पाहिली आहे,
केरीच्या शाळेत एकीचे दोन तुकडे करून
आम्ही भावंडांनी वापरलेली.

एका रात्री सात नंबरच्या टेबलावर
एका जोडप्याने १९९६ उघडायला सांगितली.
बूच काढताना हात थरथरला नाही,
साल वाचून दाखवताना आवाज मात्र हलला.
माझंच साल.
मासे येण्याआधीच ते भांडले, अगदी हळू आवाजात,
आणि उठून गेले.
तळाशी चार बोटं राहिली.

मागच्या दारी, भांडी घासायच्या मोरीपाशी,
स्टीलच्या पेल्यात ओतून प्यालो.
देवदार आला नाही.
आधी तुरट, जीभ ओढून धरणारं,
मग सावकाश,
दुसऱ्या खोलीत कुणी दिवा लावावा तसं,
काहीतरी उघडत गेलं
ज्याला सेल्सोच्या यादीत शब्द नव्हता.
मला राग आला,
इतकं चांगलं होतं ते.

रिकामी बाटली घरी नेली, सत्तरीत, काजूच्या दिवसांत.
बाबा भट्टीवर होते,
अंगाला नीऱ्याचा आंबूस वास,
बोंडू तुडवून तळपायांची सालं निघालेली.
चष्मा सापडेना. लेबल हातभर लांब धरून
त्यांनी त्यावरचं घर पाहिलं:
दोन बुरूज, वेलींच्या रांगा थेट दारापर्यंत.
"भाट कोणाचें?"
एकाच घराण्याचं, म्हटलं, सात पिढ्या.
"पावणी कितल्याक जाता?"
पावणी नसते तिथे, बाबा. डोंगर त्यांचाच.
यावर ते भाणाखालची लाकडं सारत राहिले.
मग परत बाटली उचलून, बोट ठेवून ठेवून मोजलं.
"चौदा जनेलां. सांजे धांपता कोण?"

खिडक्या कोण लावून घेतं
ते लेबलावर नव्हतं.
न म्हणायचं अक्षर निदान लिहिलेलं तरी असतं.

मी साल दाखवलं. पाठ केलेलं सगळं सांगितलं:
त्या वर्षी तिकडे सप्टेंबरभर कोरडा वारा,
रात्री गार, द्राक्षं जाड सालीची,
चाळीस वर्षं टिकेल असं मद्य.
बाबा हसले.
"आणि इकडे फेब्रुवारीत धुकं. मोहर काळा पडला.
पावणी मी पहिल्यांदाच घेतलेली, अठराशे रुपयांना.
अख्ख्या डोंगराची चार डबे फेणी निघाली.
त्यातला एक तुझ्या बारशाला संपला."
जरा थांबून म्हणाले,
"वास मात्र तसा परत कधी आला नाही."
कसला वास, मी विचारलं.
त्यांनी हवेत हात फिरवला.
त्यांच्याकडेही शब्द नव्हता.

बाटली त्यांनी चुलीच्या राखेने विसळली,
काठोकाठ भरली,
केळीच्या पानाची सुरळी बुचासारखी ठोकली
आणि फळीवर ठेवली. उभी.

सोमवारी शाबी मावशी येऊन घेऊन गेली.
आता ती कोनाड्यात असते, देवाच्या तेलाशेजारी.
रात्री मावशी दोन्ही गुडघ्यांना चोळते.
उतार पडतो म्हणते.