आडवा शब्द चौदा

एकाच घरात एकाच पेपरच्या दोन प्रती.
पेपर टाकणारा घरत सुरुवातीला दर महिन्याला विचारायचा,
काका, चूक तर नाही ना?
चूक नाही रे बाबा. एक मला वाचायला,
एक हेमलतेला, कोड्यासाठी.
कोड्याच्या पानाला चहाचं बोट लागलेलं तिला खपत नाही.
अडतीस वर्षांत
वाटून घेता आलं नाही ते एवढंच.

म्हणून ही जादू मला परवडते.

सामान काय, तर एकाच तारखेचे दोन पेपर
आणि चमचाभर खळ, कणकेची.
एका पानाची घडी, घडीची घडी, तिचीही घडी,
तळहातात मावेपर्यंत.
ती दुसऱ्या पानाच्या पाठीला चिकटवायची, वरच्या कोपऱ्यात,
अंगठा पोचेल अशी.
मग फाडायचं. बिनधास्त.
जोडायचं काहीच नसतं.

पाठ दाखवायची नाही, हा एकच नियम.
पण नेरूळच्या गच्चीवर, संध्याकाळी सहाला,
खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याला नियम कोण सांगणार?
सोसायटीची पूजा, द्रोणात प्रसादाचा शिरा,
साठ-सत्तर माणसं, माइकची घरघर.
मी पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभा राहिलो
आणि पान उघडलं.

कागद उभा सुतासारखा फाटतो,
आडवा मात्र हट्टाला पेटतो, भलतीकडेच जातो.
टर्रर्र. पाणीकपात फाटली.
सोन्याचा भाव फाटला, शिकवणीची जाहिरात फाटली.
निधनवार्तांपाशी हात जरा अडखळला,
खरंच अडखळला की मी अडखळवला
ते आता आठवत नाही.
तुकडे एकावर एक, दाबून, मुठीत.
फुंकर.
मग अंगठ्याने हळूच ती दुसरी घडी सोडवत, सोडवत,
अख्खं पान वाऱ्यात शिडासारखं फुगलं.

टाळ्या.

पहिल्या रांगेतली तांडेलांची आर्णा,
समोरचे दोन दात पडलेली,
शिऱ्यातला बेदाणा बाजूला काढत म्हणाली,
आजोबा, मघाशी कोडं भरलेलं होतं.
आता कोरं कसं?

फाडला तो हेमलतेचा होता.
उघडला तो माझा.

टाळ्या मधेच थांबल्या. कुणीतरी हसलं.
सेक्रेटरी प्रधानसाहेब उगाच चष्मा पुसायला लागले.
माझ्या तोंडून शब्द फुटेना.
तेव्हा चौथ्या रांगेतून, घास गिळून, ही म्हणाली,
अगं, फाटताना शाई सांडते ना.
कागद जुळतो परत,
शाई नाही जुळत.
आर्णाला ते पटलं असावं.
तिने बेदाणा खाल्ला.

रात्री घरी ते कोरं पान तिने टेबलावर पसरलं,
घड्यांच्या रेघा हाताने सपाट केल्या
आणि पेन घेऊन बसली. तिला पेन्सिल चालत नाही.
सकाळचंच सगळं, न वाचता, भराभर,
कुकरला तांदूळ लावावेत तसं.
आडव्या चौदाला थांबली.
घोड्याच्या तोंडाला बांधतात, तीन अक्षरी.
सकाळी तिने लगाम लिहिलं होतं
आणि त्यापायी उभे नऊ आणि उभे अकरा
दिवसभर लंगडत होते.

पंखा फिरत होता. खाली वॉचमनच्या खुर्चीचा आवाज.
मी सदऱ्याच्या खिशातून तुकडे काढत होतो,
खळ वाळून त्यांचा पापड झालेला,
एकावर नुसतंच 'गाम', निळ्या शाईत.

तो.
ब.
रा.
तिने लिहिलं, टोपण लावलं,
चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.
माझा पेपर चुकून घेतलात ना?

जादूगाराने सांगायचं नसतं.
मी तोबरा भरल्यासारखा गप्प,
आणि ती, वर न बघता,
तुकडे सुक्या कचऱ्यात टाका, म्हणाली,
ओल्यात नको.