सध्याचा अवधी

मंगळवारी आकडा बदलतो.
क्वेकू तळघराचा जिना चढून वर येतो,
माझ्या फ्रिजवरच्या कॅलेंडरपाशी थांबतो
(बियाणं कंपनीचं आहे, दर महिन्याला नवा ट्रॅक्टर)
आणि पेन्सिलीनं लिहितो: सहा.
"शाईनं लिही की," मी म्हणते.
तो हात पुसतो. डिझेल काही निघत नाही.

सरकारी काम नि सहा महिने थांब,
हे सगळीकडचंच.
इथे फक्त ते छापून देतात
आणि खाली बारीक अक्षरात:
हा अंदाज आहे, वचन नव्हे.

अर्ज त्यानं ऑक्टोबरात टाकला,
कापणी उरकून कम्बाइनं शेडमध्ये परतली त्या आठवड्यात.
दहा वर्षांचे पत्ते हवे होते, मधला एकही महिना न गाळता.
एक एप्रिल काही केल्या सापडेना.
ताकोराडीला बायकोला फोन लावला,
अराबा, त्या एप्रिलात मी कुठे होतो?
ती म्हणाली, "माझ्याकडे. ताप होता तुला."
तेही लिहिलं त्यानं. ताप सोडून.

जानेवारीत तीन झाले होते, तीन उरले होते.
मार्चमध्ये सहाचे सात.
मेमध्ये दहा.
सात झाले होते तेव्हा. उरले पुन्हा तीनच.
इंजिन खोलून परत जोडणारा माणूस तो,
ही वजाबाकी त्यानं पाठीमागून, पुढून, दोनदा करून पाहिली.

माझे आजोबा या गवताळ प्रदेशात आले
तेव्हा दहा डॉलरला एकशे साठ एकर होती.
अट एवढीच, तीन वर्षांत तीस एकर फोडा, घर बांधा,
मग कागद.
दगड वेचून त्यांनी बांधावर ढीग घातला,
तो अजून आहे.
त्याआधी जमीन कुणाची होती
हे अर्जात कुणी विचारलं नव्हतं.

क्वेकूच्या थांबण्याचा ढीग होत नाही.
गादी आहे, पलंग नाही.
हिवाळी टायर भाड्याचे मिळतात का, विचारत होता.
वैद्यकीय तपासणीची मुदत संपली,
म्हणून तीच छाती, तोच श्वास
पुन्हा एकदा रोखून धरायचा.

मुलीला त्यानं सांगून ठेवलंय, बर्फ वितळला की.
एसी सहा वर्षांची आहे, रोज विचारते, वितळला का?
आता जुलै आहे. मोहरी फुललीय क्षितिजापर्यंत, पिवळीधमक.
फोन आला की तो खाली तळघरात जातो,
खिडकीचा पडदा ओढतो.

माझ्या गुडघ्यालाही आकडा आहे.
एकतीस आठवडे, तोही अंदाजे.
आम्ही पैज लावली, हरेल त्यानं पिरोगी करायच्या.
त्याला पारी नीट चिकटवता येत नाही,
सगळ्या पाण्यात उकलतात.

जिंकला गुडघा.
ऑगस्टात, पहाटे पाचला, गॅरेजच्या पिकअपमधून
त्यानं मला रेजायनाला नेलं.
वाटेत हरणं होती, तो हळू चालवत होता.
काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, हे कोण तुमचे?
तो म्हणाला, "भाडे..."
मी म्हटलं, "लिही, घरचा."
तिच्या यादीत तसा रकाना नव्हता.
तिनं "इतर" वर खूण केली.

परतल्यावर आठवडाभर मी सोफ्यावरच.
मंगळवारी जिना वाजला.
फ्रिजपाशी तो बराच वेळ उभा होता.
"किती?" मी विचारलं.
"थांबा, टोकच नाही राहिलं."
मग खिशातून त्यानं नवीन पेन्सिली काढल्या.
बाराचा डबा.
बघून मला धसकाच बसला.