सातशे वॅट

ओउलूत, बंद पडलेल्या कातडी कारखान्याच्या मागच्या खोलीत
ताउनो पॉवर सप्लाय तपासायचा.
खोक्यावर सातशे वॅट. आत किती, ते तो बघायचा.
पन्नास-पन्नासने भार चढवत न्यायचा
पंखा किंचाळेपर्यंत.
कधी सहाशे दहावरच फट्‌कन आवाज,
आणि जळक्या वार्निशचा वास
आठवडाभर त्याच्या स्वेटरमधून जायचा नाही.
तो लिहायचा: सहाशे दहा. मेला.
विशेषणं त्याला परवडत नसत.

त्या एका ओळीसाठी पोरं
पगाराचे पैसे खिशात धरून थांबायची.

मग मालक बदलले.
नवे हेलसिंकीहून आले, बर्फात न चालणाऱ्या बुटांत.
ऑसिलोस्कोपकडे बघून म्हणाले, हे काय, हृदयाचं यंत्र?
ताउनो म्हणाला, हो.
शुक्रवारी त्याची खुर्ची रिकामी.

आता आमच्याकडे रोज 'सर्वोत्तम दहा' निघतात.
खोकं कुणी उघडत नाही,
त्यावरचीच अक्षरं खालीवर करून
पुन्हा मांडतात.
पहिल्या नंबरचा भाव मला पाठ आहे,
बिलं मीच काढते.

काल माझ्या मुलानं, वेईक्कोनं, विचारलं, कुठला घेऊ?
समोर आमचीच यादी.
मी बाहेर जाऊन ताउनोला फोन लावला.
तो हल्ली बर्फ उपसायची यंत्रं दुरुस्त करतो.
पलीकडे बराच वेळ नुसती एक मोटर घरघरत राहिली.
"उचलून बघ," तो म्हणाला, "जड असेल तो घे."

दुकानात आम्ही दोघं,
दोन्ही हातांत दोन खोकी,
डोळे मिटून.