फळ्या

शिडी खालून जेलागात धरते.
मी वर, तोंडात चार खिळे,
त्यामुळे तिला हो की नाही कळत नाही.

मागच्या गारांनी पत्र्यावर
देवीचे व्रण राहावेत तसे खड्डे.
गळतं मात्र दोनच ठिकाणी :
चुलीशी, आणि बाबांच्या खाटेवर.
जुना खिळा उपसायचा, रबराची चकती घालून
जाड ठोकायचा, वर डांबर.
नांदीच्या टेकड्यांत एवढं पोरंही जाणतात.

खालचा चहाचा मळा कोण झाकणार?
तो कंपनीचा. त्याच्यावरच्या गारा
आमच्या पगारात पडतात.

जेलागात म्हणते, यंदा आतून फळ्या मार,
आवाज तरी कमी होईल.

होईल की.

पण त्या दुपारी पत्रा फुटेल असा वाजत होता
आणि बाबा आईकडे वळून काहीतरी बोलले.
अकरा वर्षांनी.
मला ओठ हलताना दिसले तेवढेच.
तिलाही ऐकू गेलं नसणार,
तरी तिनं मान हलवली,
उगालीचा आपला अर्धा गोळा त्यांच्या ताटात सरकवला.

खिळे संपलेत. तोंड मोकळं झालंय.
"अजून सहा दे," एवढंच मी खाली सांगते.